बांबू फुलला तेव्हाचे घारपुरे मास्तर

घारपुरे मास्तर कोणाच्या घरी बसले आहेत असं मला आठवत नाही. ते यायचे, उंबऱ्यात उभे राहायचे, बोलायचे आणि निघून जायचे. पाट मांडला तर पाटाभोवती फेऱ्या मारायचे. चहा उभ्यानेच घ्यायचे आणि हातातला कप जिथे असतील तिथे ठेवून चालू लागायचे. आमच्या घरचा एक कप तुळशीच्या कठड्यावर सापडला होता, एक गोठ्यातल्या गव्हाणीत. माझी बायको म्हणायची, "मास्तर येऊन गेले की आधी कप मोजायचे."

त्यांचं बोलणं नेहमी मधूनच सुरू व्हायचं. "आणि दुसरं असं की, पंत," असं म्हणत ते दारात उभे. पहिलं काय होतं, ते मला कधीच कळलं नाही. ते बहुधा रस्त्यानेच स्वतःशी बोलून झालेलं असायचं.

जव्हारच्या संस्थानी शाळेत मी मराठी शिकवायला लागलो तेव्हा युरोपातलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. घारपुरे माझ्या आधीपासून तिथे होते. गणित, भूगोल आणि सृष्टिज्ञान हे त्यांचे विषय. उंच, काटकुळे, नाकावर चष्मा, आणि डोक्यावरचं पागोटं कायम एका कानाकडे कललेलं, कारण ते चालता चालताच बांधलेलं असायचं. रुजू झालो त्या दिवशी मी शाळेच्या ओसरीवर उभा होतो. ते झपाझप आले, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही व्याकरणवाले ना? मग सांगा, जगातल्या इतक्या भाषांत आईला हाक मारताना तोंडात 'म' का येतो?"

मी म्हणालो, "ओठ मिटले की म होतो. तान्ह्या मुलाला सोपा पडत असेल."

ते क्षणभर थांबले. मग बोट वर करून म्हणाले, "पटतं. म्हणूनच जरा संशय घ्या." आणि वर्गात निघून गेले. मी नमस्कारासाठी जोडलेले हात तसेच राहिले.

हे त्यांचं खास वाक्य. पटणारी गोष्ट त्यांना खोट्या गोष्टीइतकीच, किंबहुना जास्त, घाबरवायची. एकदा बाजारातल्या एका बाईला त्यांनी विसाच्या हिशेबाने आंबे मोजताना पाहिलं. दोन विसा, तीन विसा. दुसऱ्या दिवशी वर्गात प्रश्न: आपण दहाने का मोजतो? एक पोरगा म्हणाला, हाताला दहा बोटं. मास्तर खूश. "मग ती बाई विसाने का मोजते? तिला पायाची बोटंही दिसतात! पायात जोडे आले आणि विसाचे दहा झाले, असं म्हणू या का?" पोरं टाळ्या पिटायला लागली. मास्तरांचा चेहरा लगेच पडला. "पटलं ना? इतक्या चटकन? मग आता हे खोटं कसं ठरवायचं ते सांगा." तास संपला, पुढचा तासही त्यातच गेला, आणि त्रैराशिक तसंच राहिलं.

त्रैराशिक नेहमीच तसंच राहायचं. हेडमास्तर त्यांच्यावर रागवायचे आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. परीक्षा आल्या की मुलं रडकुंडीला यायची. मास्तर मग पहाटे मुलांना घरी बोलावून राहिलेला सगळा भाग एका दमात शिकवायचे आणि तोही असा की मुलं पास व्हायची. पण त्या दमात त्यांचे डोळे खोल जात. शांतपणे, रोज थोडं थोडं, असं त्यांना काही करताच यायचं नाही. घरात अर्धवट वाचलेली पुस्तकं, अर्धवट जोडलेलं हवामापक यंत्र, अर्धवट खणलेली बाग. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई शांत आणि तिखट, दोन्ही होत्या. एकदा मला म्हणाल्या, "ह्यांना जेवायला बसवणं म्हणजे पारा चिमटीत धरणं हो. मी आता चिमूट करतच नाही. ताट खिडकीत ठेवते."

एका पौर्णिमेची गोष्ट सगळ्या जव्हारने चवीने सांगितली. मास्तरांनी मुलांना विचारलं होतं की उगवता चंद्र एवढा मोठा का दिसतो आणि वर चढला की लहान का होतो. कोणी म्हणालं, खाली तो जवळ असतो. कोणी म्हणालं, हवेतून फुगतो. मास्तर म्हणाले, दोन्ही नाही. मग काय? "विद्वानांची भांडणं चालली आहेत. पण एक गंमत आहे. पाठमोरं उभं राहून, वाकून, दोन पायांमधून पाहिलं तर तोच चंद्र लहान दिसतो म्हणतात. खरं आहे का ते पाहायचं."

पठाराच्या कडेला संध्याकाळी सगळा वर्ग जमला. चंद्र डोंगरामागून वर आला आणि मास्तरांसकट सगळे चंद्राकडे पाठ करून वाकले. नेमकी त्याच वेळी संस्थानच्या कारभाऱ्यांची घोडागाडी सहल करून परत येत होती. रस्ता चंद्राच्याच बाजूला होता, त्यामुळे त्यांना दिसला तो प्रकार असा: ओळीने वाकलेली पोरं, मधोमध धोतर सावरत वाकलेला मास्तर, पागोटं जमिनीवर, आणि सगळ्यांची उलटी तोंडं गाडीकडे पाहत मोठमोठ्याने "लहान झाला, लहान झाला" म्हणून ओरडत आहेत.

दुसऱ्या दिवशी कारभाऱ्यांकडून बोलावणं आलं. हेडमास्तरांनी मला बरोबर पाठवलं, मास्तर काही भलतंच बोलू नयेत म्हणून. कारभारी वयस्कर, गंभीर गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कारण काय त्याचं?"

"कारण माहीत नाही, साहेब."

"मास्तर असून माहीत नाही म्हणता? मुलांसमोरही असंच म्हणता?"

"मुलांसमोर तर जास्तच म्हणतो."

मी खाली मान घातली. कारभाऱ्यांनी समोरचे कागद सारखे केले. शेवटी म्हणाले, "या तुम्ही." आम्ही दाराशी पोहोचलो तेव्हा मागून हळूच विचारलं, "पण मास्तर, खरंच लहान दिसतो?"

मास्तर तिथल्या तिथे वाकून दाखवणार होते. मी त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर काढलं.

हे सगळं हसण्यावारी जायचं. एका उन्हाळ्यापर्यंत गेलं.

त्या वर्षी बांबू फुलला. आधी राजवाड्याच्या बागेतलं बेट फुललं. पानं झडली आणि काटक्यांवर गवतासारखा पिवळट फुलोरा लोंबायला लागला. बागेचा म्हातारा माळी कपाळाला हात लावून बसला होता. बांबू आयुष्यात एकदाच फुलतो आणि मरतो. मास्तर बेटाभोवती गोल गोल फिरत होते. माळ्याने सांगितलं की हे बेट त्याच्या वडिलांनी सूर्यमाळच्या रानातून मुळं आणून लावलेलं. मास्तर थबकले. आठवडे बाजारात जाऊन त्यांनी दिसेल त्या माणसाला विचारायला सुरुवात केली: तुझ्याकडचा बांबू फुलला का? साखरशेतचा माणूस म्हणाला, फुलला. मोखाड्याकडचे म्हणाले, फुलला. सूर्यमाळचे म्हणाले, सगळं रान पिवळं झालं.

त्या संध्याकाळी ते आमच्या दारात आले तेव्हा त्यांना धड उभंही राहवत नव्हतं. "आणि दुसरं असं की, पंत, मोखाडा इंग्रजी मुलुखात, आपण संस्थानात. बांबूला सरहद्द कोणी शिकवली नाही, ठीक. पण हे बागेतलं बेट! रानापासून तुटून इतकी वर्षं झाली. वेगळी माती, वेगळं पाणी, रोज माळ्याच्या हातचं. आणि तरी ते रानाबरोबर फुललं. ह्याला कोणी सांगितलं, की आता? कसलं घड्याळ आहे ह्याच्या पोटात? कोण चावी देतो?"

"कोणी तरी शोधलं असेल."

"मागे मुंबईला गेलो होतो तेव्हा, बांबू सगळीकडे एकदम कसा फुलतो, ते मोठ्या कॉलेजातल्या माणसांना विचारलं होतं. कोणालाच ठाऊक नाही, पंत! कोणालाच!" हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला होता, की जणू घबाड सापडलं.

पुढच्या बाजाराला लहानू आला. सूर्यमाळच्या बाजूला एका पाड्यावर त्याचं घर. नाचणी आणि वरई पिकवणारा, अबोल माणूस. मास्तरांनी आधीच्या बाजारात त्यालाही बांबूबद्दल विचारलं होतं. आज तो स्वतः शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. आमच्याकडच्या पाड्यांवरची माणसं राजालाही 'तू'च म्हणत. त्यात अनादर नसे. 'मला'ला ते 'माना' म्हणत.

"मास्तर, तू बांबूचं इचारत होतास ना? तो कोणी फुलवला, ठाव हाय तुला?"

"नाही. तुला?"

"पाड्यावरची माणसं बोलतात, माझ्या बहिणीनं फुलवला."

बांबू फुलला की त्याचं बी पडतं, ते खाऊन उंदीर माजतात आणि मग शेतातलं, कणगीतलं धान्य फस्त करतात. हे त्या डोंगरात सगळ्यांना माहीत होतं. जुन्या माणसांनी आपल्या आजांकडून ऐकलं होतं. लहानूची बहीण सोमी गेल्या पावसाळ्यात नवरा वारला म्हणून माहेरी परत आली होती. ती आली, आणि मागोमाग बांबू फुलला. आधी कुजबुज, मग तिला पाणवठ्यावर मागे सारणं, मग कोणी तरी तो शब्द उच्चारला: भुताळी, चेटकीण. आता येत्या रविवारी बुधा भगत दाणे टाकून पाहणार होता. तांदळाच्या दाण्यांतून देव नाव सांगतो. नाव निघालं तर सोमीला पाड्यावर राहता येणार नव्हतं. आणि ते एवढ्यावरच थांबेल, असं लहानूच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं.

"मी काय करू?" मास्तर म्हणाले.

"तू शिकलेला. तू येऊन सांग, खरं कोणी फुलवला ते."

पहिल्यांदाच मास्तरांना मी हालचाल न करता उभं राहिलेलं पाहिलं.

सरस्वतीबाईंनी मला बोलावून घेतलं. "तुम्ही बरोबर जा. हे एकटे गेले तर वाटेतच एखाद्या दगडाशी थांबतील." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "आणि ह्यांना सांभाळा. ही गोष्ट ह्यांना लागलेली आहे." का लागली, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

मोखाड्यापर्यंत बैलगाडीने आणि पुढे पायी. उन्हाळ्याची अखेर होती. वर चढत गेलो तसे दोन्ही अंगांना मेलेले बांबू, हाडांच्या रंगाचे. पाऊल टाकलं की बी चुरचुरायचं. एरवी प्रत्येक झाडाशी थांबणारे मास्तर त्या दिवशी कुठेच थांबले नाहीत. बागेतल्या बेटाची एक फुललेली फांदी त्यांनी बरोबर घेतली होती.

पाड्यावर मोहाच्या झाडाखाली माणसं जमली होती. बायका जरा लांब, कुडाच्या सावलीत. सोमी एकटी, उन्हात, पुढ्यात रिकामा हंडा ठेवून उकिडवी बसली होती. तिशीतली असेल. रडत नव्हती. समोर सुपात तांदूळ घेऊन बुधा भगत बसला होता. सुरकुतलेला, बारीक डोळ्यांचा म्हातारा. मास्तरांना पाहून त्याने नुसती मान हलवली.

मास्तरांनी फांदी वर धरली. "ही जव्हारच्या राजवाड्याच्या बागेतली. तिथलंही बेट फुललं आहे. सोमी कधी जव्हारला आली आहे का?"

"नाय," लहानू मोठ्याने म्हणाला.

"साखरशेतला? तिथलाही फुलला. सगळीकडे फुलला आहे. एक बाई एवढ्या ठिकाणी..."

मागून एक माणूस म्हणाला, "भुताळीची नजर लांब जाते, मास्तर. तिला चालाया लागत नाय."

माना डोलल्या. मी घाबरलो. घरून निघताना मला वाटलं होतं की बागेतल्या फांदीपुढे कोणाचं काही चालणार नाही. पण ती फांदी त्यांच्याच बाजूला जाऊन बसली होती. जितकं लांब फुललं, तितकी सोमीची ताकद मोठी. मास्तरांच्याही ते ध्यानात आलं. त्यांनी फांदी खाली ठेवली.

बुधाने विचारलं, "मग तू सांग. कोणी फुलवला?"

"मला माहीत नाही."

"तू शिकलेला, अन् तुला ठाव नाय?"

"नाही."

"तुझ्या मोठ्या मास्तरला?"

"नाही."

"मुंबईच्या सायबाला?"

"विचारून आलो. त्यालाही नाही."

जमलेल्यांत हसू पिकलं. एवढ्या लांबून हा माणूस हे सांगायला आला! लहानूने डोळे मिटून घेतले. मला मास्तरांचा राग आला. काहीही सांगा, मी मनात म्हणत होतो. हवेने फुलला म्हणा, धूमकेतूने म्हणा. ही माणसं ऐकतील. एक कारण द्या आणि बाईला सोडवा.

मास्तर तिथेच जमिनीवर मांडी घालून बसले. हे मी त्यांना करताना कधी पाहिलं नव्हतं.

"बुधाबाबा, माझा मुलगा गेला," ते म्हणाले. "मधू त्याचं नाव. दुधाचे दात पडायला लागले होते. त्याला ताप आला, तोच त्याच्या बहिणीला आला. एकाच विहिरीचं पाणी, एकच औषध, उशाशी एकच आई. मुलगी उठून बसली. तो उठला नाही. मी वैद्याला विचारलं, का? त्याला ठाऊक नव्हतं. पण तो तसं बोलला नाही. तो म्हणाला, आईकडून पथ्यात काही चुकलं असेल. एवढंच. पुढचं शेजाऱ्यांनी जुळवलं. म्हणाले, बाई पांढऱ्या पायाची. तिच्या हातचं पाणी घेईनात. हळदीकुंकवाला बोलवेनात. तिलाही ते खरं वाटायला लागलं. रात्रंदिवस आठवत बसायची, मी काय केलं, काय करायचं राहिलं. आणि मी..."

त्यांनी चष्मा काढला.

"मीही एकदा विचारलं तिला, की तू काय दिलं होतंस त्याला? पुस्तकं वाचलेला माणूस मी. मलाही कारण पाहिजे होतं. कोणतंही चाललं असतं. त्या वैद्याने 'मला ठाऊक नाही' म्हटलं असतं तर माझा मुलगा परत आला नसता. पण तिचं हे झालं नसतं."

कुडाच्या सावलीतल्या बायकांपैकी एकीने पदर तोंडाला लावला.

बुधाने सूप जवळ ओढलं. मग म्हणाला, "तुझं बरं हाय. ठाव नाय बोललास तरी पगार मिळतो. मी बोललो तर माझ्याकडं कोण येल?"

"ते मला माहीत नाही," मास्तर म्हणाले.

म्हातारा खुदकन हसला. का हसला ते मला आजही सांगता येणार नाही. त्याने डोळे मिटले, तोंडाने काही पुटपुटला, मूठभर दाणे उचलून सुपात टाकले. सगळे पुढे झुकले. मी अगदी जवळ होतो. दाणे स्थिर झाले न झाले तोच त्याने त्यांवरून हात फिरवला.

"दाणे गप हाईत," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"म्हंजे देव काय बोलत नाय. कोणाचंच नाव नाय. माना ठाव नाय."

गलका झाला. मघाचा माणूस उठून उभा राहिला. "मग उंदीर येतील त्याचं काय?"

"येतील," बुधा म्हणाला. "बी गोळा करा. कणग्या वर टांगा. बाईला हाकलून उंदीर थांबतात, असं तुझा आजा तरी बोलला होता काय?"

तेवढ्यात सोमी उठली. तिचा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकला. "मग मी जाऊ?"

"जा."

तिने हंडा काखेला मारला आणि घराकडे न वळता ती झऱ्याकडे निघाली. सकाळपासून तिला कोणी पाण्याला जाऊ दिलं नव्हतं. थोड्या वेळाने कुडाकडची ती पदर लावलेली बाई उठली, आपला हंडा घेऊन तिच्या मागोमाग गेली.

मला वाटलं होतं, परतताना मास्तर खूश असतील. ते भयंकर अस्वस्थ होते. उतारावरून जवळजवळ पळत होते आणि तुटक तुटक बोलत होते. "पंत, मी बागेची फांदी नेली ती फुकट गेली. रडकथा चालली. उद्या दुसरा कोणी जास्त चांगली रडकथा सांगेल आणि बाई मरेल. हे काय शिक्षण झालं? आणि म्हाताऱ्याने दाणे पाहिले का? तुम्ही जवळ होतात. पाहिले त्याने?"

"मला नाही वाटत."

"म्हणजे तो खोटं बोलला. खरं सांगण्यासाठी खोटं बोलला. आता ह्याचं काय करायचं?" आणि मधेच थांबून, "ती म्हणालीच नाही हो, की मी नाही केलं. आपण कोणी तिला विचारलंही नाही."

सगळा पावसाळा त्यांनी असाच काढला. प्रत्येक बाजाराला ते सूर्यमाळच्या वाटेकडे जाऊन उभे राहत. बी गोळा करा, कणग्या टांगा, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. एक म्हातारी त्यांना म्हणाली, "बाबा, तू आमाला शिकवतंस? आमी टांगल्या पण." मास्तर ओशाळले आणि मग तिलाच विचारू लागले की तिच्या आजीने काय काय सांगितलं होतं.

उंदीर आले. भाताच्या लोंब्या भरल्या आणि रात्रीत कुरतडलेल्या दिसायला लागल्या. जव्हारच्या आसपासही आले, डोंगरात तर फारच. ती बातमी आली त्या दिवशी मास्तर शाळेत आले नाहीत. मी घरी गेलो. ते अंगणात येरझाऱ्या घालत होते. "आता ते पुन्हा तिच्याकडे वळतील. तेव्हा नुसती भीती होती. आता पोट आहे."

"जायचं का आपण?"

"जाऊन काय सांगू? माझ्याकडे अजून तेच उत्तर आहे."

सरस्वतीबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मग तेच सांगून या." मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. पाड्यावर आपण काय बोलून आलो, हे त्यांनी बायकोला सांगितलं होतं की नाही, मला कळलं नाही. पण त्या दोघांनी एकमेकांकडे ज्या तऱ्हेने पाहिलं, त्यानंतर मी तिथे थांबलो नाही.

मास्तर दुसऱ्या दिवशी एकटेच गेले. परत आले ते तापाने फणफणून. सांगितलं इतकंच की बुधाने आपल्या घराला लागून सोमीला खोप बांधून दिली आहे आणि तिच्या घरी जायचं तर आता त्याच्या अंगणातून जावं लागतं. आणि दोन पाड्यांनी आपले आजारी त्याच्याकडे न्यायचं थांबवलं आहे, ही गोष्ट मागाहून लहानूकडून कळली. म्हाताऱ्याने त्याबद्दल कधी तक्रार केल्याचं कोणी ऐकलं नाही.

दिवाळीनंतरच्या बाजाराला सोमी स्वतः जव्हारला आली. फडक्यात बांबूचे दाणे, भातासारखेच पण जरा लांबट. ती ते विकायला बसली होती आणि उंदरांनी भात खाल्लेल्या त्या वर्षी लोक ते घेतही होते. मास्तर तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. मी बाजूला होतो. तिने त्यांना ओळखलं, पण हसली वगैरे नाही. फडक्यातले मूठभर दाणे त्यांच्या खांद्यावरच्या पंचात टाकले.

"सोमी, मला एक विचारायचं होतं," मास्तर म्हणाले. "त्या दिवशी तू काहीच का बोलली नाहीस?"

ती दाणे सारखे करत राहिली. मग म्हणाली, "बोलून काय? मीच फुलवला असंल, तर माना कसं कळंल?"

मास्तरांचं तोंड उघडं राहिलं. घरी पोहोचल्यावर ते दाणे बायकोच्या हातात देऊन म्हणाले, "ह्याचा भात कर. आणि आज मी बसून जेवतो." सरस्वतीबाईंनी दोन पानं घेतली. ते तसे बसले, हे मला बाईंनीच नंतर सांगितलं, आणि सांगताना त्या डोळे पुसत हसल्या.

आणखी काही वर्षं मास्तर जव्हारला होते. त्रैराशिक तसंच राहत होतं. मग मुलीने त्यांना कल्याणला बोलावून घेतलं. तिचं नवं घर, पहिलं बाळंतपण. मास्तर जायला राजी होत नव्हते. शेवटी सरस्वतीबाईंनी सामान बांधलं.

मी घाटाच्या तोंडापर्यंत सोबत गेलो. बैलगाडीत ट्रंका, पुस्तकांच्या गोण्या आणि मधोमध सरस्वतीबाई. मास्तर चालत होते. थंडी सरत आली होती आणि ऊन रस्त्यावर पसरलं होतं. तेवढ्यात शेजारच्या माळावरून एक वावटळ उठली. वाळकी पानं गरगर फिरत वर चढली आणि रस्ता ओलांडायला लागली. मास्तर बोलता बोलता थांबले. ती कोणत्या अंगाने फिरते ते पाहायला तिच्याभोवती उलटे फिरले, मग सुलटे. वावटळ कडेच्या रानात उतरली. मास्तर तिच्यामागे उतरले.

गाडीवानाने कासरा ओढला. "ओ मास्तर!"

"थांबवू नका बैल," सरस्वतीबाई म्हणाल्या. "चालू द्या तुम्ही."

"अहो, पण ते मागे राहतील."

"नाही राहत."

गाडी वळणावरून खाली गेली. मी कठड्याशी उभा राहून पाहत होतो. बराच वेळ झाडांखेरीज काही दिसेना. मग खालच्या वळणावर, गाडीच्याही कितीतरी पुढे, रान फाकलं आणि मास्तर रस्त्यावर आले. धोतर फाटलेलं, पागोट्यात पानं अडकलेली. त्यांनी एकदा वर, माझ्या दिशेने पाहिलं. मी हात हलवला. त्यांनीही हात वर केला, पण तो मला उत्तर म्हणून नव्हता. ते माझ्या डोक्यावरून, कड्याच्या वर आभाळात काही तरी दाखवत होते. मी मागे वळून पाहिलं. मला तिथे काही दिसलं नाही. पुन्हा खाली पाहिलं तेव्हा मास्तर पुन्हा रानात शिरले होते, रस्त्यावर फक्त गाडी होती आणि सरस्वतीबाई मान उंचावून तिकडेच, वर, पाहत होत्या.